वरच अडकलेली साखर

थंडीत सशांना खायला काही मिळत नाही, मग ते सफरचंदाच्या खोडाची साल कुरतडतात. म्हणून थंडी पडायच्या आधी प्रत्येक खोडाला पोतं गुंडाळायचं आणि कळ्या फुगू लागल्या की सोडायचं, हा त्या बागेतला नेम होता. थोरली एकेक झाड मोकळं करत शेवटी जुन्या झाडापाशी आली. हे झाड वडिलांनी बी पेरून वाढवलं होतं. वडील गेले, झाड राहिलं. बागेतली बाकी सगळी कलमं त्याच्याच काड्यांची. कुणी पाहुणा आला की आई आधी म्हातारं झाड दाखवायची आणि मग घर.

यंदाची पोती ती शहरातून परतायच्या आधीच गुंडाळून झाली होती. थोरलीने सुतळी कापली. पोतं गळून पडलं. खाली मातीचा लेप होता, खोडकिड्याच्या भोकावर लावतात तसा. पण तो तिने लावलेला नव्हता, आणि या झाडाला कीडही नव्हती. तिने नखाने टोकरलं. वाळलेलं ढेकूळ हातात आलं, त्याच्या मागे दुसरं. मग तिने दोन्ही हातांनी लेप ओरबाडून काढला.

आत साल नव्हती. हाताच्या पंजाएवढा रुंद पट्टा, खोडाभोवती पूर्ण फिरवलेला. लाकूड उघडं, तपकिरी, जुन्या टेबलाच्या पायासारखं वाळलेलं. पट्ट्याच्या वर साल सुजून ओठासारखी बाहेर आली होती, घट्ट अंगठीच्या वर बोट फुगतं तशी. पट्ट्याच्या खाली मात्र ती बसलेली, निर्जीव. आणि तिथे बुंध्यावर जागोजागी कात्रीने छाटलेले खुंट. झाडाने खालून फुटायचा प्रयत्न केला होता, आणि कुणीतरी प्रत्येक फुटवा नीटनेटका कापून टाकला होता.

ससा नीटनेटकं काही करत नाही.

"बारक्या!"

ही हाक इतकी मोठी होती की स्वयंपाकघरात भावजयीच्या हातातलं झाकण पडलं. बारक्या म्हणजे थोरलीचा धाकटा भाऊ. हे नाव त्याला शाळेत शोभायचं. आता दारातून येताना तो आधी पोट आणायचा आणि मग स्वतः यायचा. या वेळी त्याच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. रविवारी बागायतदारांची मंडळी यायची होती, गेल्या वर्षी प्रदर्शनात ज्या झाडाच्या फळांना कप मिळाला ते झाड बहरात बघायला. बारक्या तीन दिवस खुर्च्याच मांडत होता.

"काय झालं? साप निघाला का?"

"इकडे ये. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, माझं बोट कुठं आहे तिथं बघ."

त्याने बघितलं. खुर्च्या खाली ठेवल्या. एक खुर्ची उगाचच सरळ केली.

"हे होय," तो म्हणाला. "हे काही नाही ताई. बाबा करायचे तेच."

"बाबा करायचे?"

"कडं काढायचे की नाही फांदीला? तूच सुरी पुसून द्यायचीस."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कोणत्या वाटेने जाते ते थोरलीला त्या क्षणी कळलं. कारण यात खोटं काही नव्हतं. वडील करायचे. फुलं गळून बारीक फळं धरली की एखाद्या फांदीला, एकाच फांदीला, सालीचं सुरीच्या पात्याएवढं बारीक कडं काढायचे. थोड्या आठवड्यांत ते भरून यायचं. त्या फांदीची फळं मोठी आणि गोड व्हायची, आणि ती आल्यागेल्याच्या हातावर ठेवायला असायची. बाकीच्या साऱ्या फांद्या मात्र वडिलांनी कधी दुखवल्या नाहीत.

"बाबा फांदीला करायचे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तो जास्त वाईट होता. "तू खोडाला केलंस."

"मला वाटलं, एका फांदीला केल्यावर त्या फांदीची फळं गोड होतात, तर खोडालाच केलं की सगळंच झाड..." त्याने हात हवेत फिरवला. "आणि बारीक कडं लगेच भरून येतं ना, म्हणून जरा रुंद काढलं."

"जरा?"

"झालं तरी काय त्याने? कप मिळाला! तू तर शहरात होतीस, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी एकटा बघत होतो बाग. आणि आता बघ वर." त्याने मान वर केली, आणि खरंच, वर बघण्यासारखं होतं. फांदी दिसत नव्हती इतक्या कळ्या. गुलाबी, टच्च, दोन-तीन दिवसांत उमलतील अशा. "असा बहर कधी आला होता? सांग ना. मेलेलं झाड असं फुलतं का?"

"मरणारं फुलतं."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"अभद्र मी बोलतेय? करून बसलास तू!"

आता बघा, झाडाच्या खोडात देवाने दोन वाटा केल्या आहेत. आतल्या लाकडातून मुळांचं पाणी आणि मातीतले क्षार वर जातात. सालीच्या लगत, अगदी आतल्या अंगाला, दुसरी वाट असते. तिच्यातून पानांनी उन्हात रांधलेली साखर खाली मुळांपर्यंत येते. मुळांना ऊन दिसत नाही. ती अंधारात राबतात आणि वरून जे पाठवाल त्यावर जगतात. बारक्याने वर जाणारी वाट तशीच ठेवली, म्हणून झाड हिरवं राहिलं. खाली येणारी तोडली. साखर वरच अडकली, फळांत शिरली, कळ्यांत शिरली. आणि खाली मुळं गेल्या उन्हाळ्यापासून स्वतःची साठवण खात बसली होती.

थोरलीने हे त्याला सांगितलं, पण असं सांगितलं नाही. तिने त्याच्या कॉलरला धरलं आणि त्याला खुंटांपाशी वाकवलं.

"हे फुटवे कुणी कापले?"

"मीच. बुंधा स्वच्छ दिसावा म्हणून. लोक येणार..."

"अरे, वरून काही येत नाही म्हणून झाडाने खालीच पानं काढायला घेतली होती! तेवढाच घास होता मुळांना. तोही तू कापलास, लोकांना बुंधा दिसावा म्हणून!"

"ताई, सोड. कॉलर फाटेल."

"फाटू दे!"

आई व्हरांड्यात काठी टेकत आली होती. ऑपरेशननंतर ती पायऱ्या उतरायची नाही. वरूनच म्हणाली, "सकाळच्या वेळी देवाचं नाव घ्यायचं सोडून काय चाललंय? त्याला सोड आधी. काय असेल ते रविवार झाल्यावर बोला."

"रविवारपर्यंत मी थांबणार नाही, आई."

"मंडळी येणार आहेत. घरातलं घरात ठेवावं."

हेच. लहानपणी बारक्याने काच फोडली की आई म्हणायची, घरातलं घरात ठेवा. आणि काचा थोरली गोळा करायची.

स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती बसले, म्हणजे बारक्या बसला, आई बसली, भावजय चुलीपाशी उभी राहिली आणि थोरली फ्रिज उघडून त्यात डोकं घालून काहीतरी शोधत राहिली. कलमांसाठी थंडीत कापलेल्या काड्या ती ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. भावजय त्यावर दरवर्षी कुरकुर करायची, की या घरात भाजीला जागा नाही आणि सरपणाला आहे. थोरलीने गुंडाळी टेबलावर आणून उलगडली. काड्या झोपलेल्या होत्या. कोंबांचे डोळे मिटलेले, साल ताजी.

"पूल बांधायचा," ती म्हणाली. "जिथं साल नाही त्यावरून. काडीचं एक टोक खालच्या सालीत, एक वरच्या. चारही बाजूंनी. जुळल्या तर काडीतून साखर खाली उतरेल. सध्या साल ओलसर आहे, लाकडापासून सुटते. काड्या अजून जाग्या झालेल्या नाहीत. हे दोन्ही एका वेळी फार दिवस राहत नाही. आज करायचं."

"कर की मग," बारक्या म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं. "कर. पोतं परत गुंडाळून टाकू वरून, दिसायचं नाही."

"आणि फुलं खुडायची."

"कुठली फुलं?"

"सगळी."

बारक्या उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "वेडी झालीस का? अध्यक्ष येतायत! बहर बघायला बोलावलंय मी सगळ्यांना, बहर! त्यांना काय दाखवू, काटक्या?"

"फुलं धरली की फळं धरणार. उपाशी झाडावर आणखी किती तोंडं ठेवायची?"

"चार दिवस, ताई! रविवार होऊ दे, सोमवारी तू म्हणशील ते."

"यांना ना," भावजय चुलीकडे तोंड करून म्हणाली, "झाड नको असतं, झाडासोबतचा फोटो हवा असतो."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी भाजीशी बोलतेय."

बारक्याने बायकोचा राग बहिणीवर काढला. "आणि गेलं समजा, तर गेलं! म्हातारंच आहे. एवढी कलमं उभी आहेत ना त्याची? तेच फळ, तीच जात. काय अडणार आहे?"

थोरलीने काडीवरून नजर काढली.

"बरोबर," ती म्हणाली. "उद्या आई गेली तर मावशीला आणून बसवू तिच्या खुर्चीत. तेच नाक, तोच आवाज. काय अडणार आहे?"

भाजी तळाला लागल्याचा वास आला, तरी भावजय हलली नाही. थोरलीलाही हे बोलायचं नव्हतं. पण आई समोर बसली होती आणि शब्द गेला होता.

आईने टेबलावरची एक काडी उचलून परत ठेवली. मग तिने बारक्याला विचारलं, "मी तिथं पलंगावर होते तेव्हा तू खोकाभर फळं घेऊन आला होतास. ती याचीच?"

"हो आई. खास निवडून आणली होती तुझ्यासाठी."

"मी नर्सबाईंनाही दिलं होतं एक. म्हटलं, एवढं गोड फळ माझ्या मुलाच्या बागेतलं." आईने ओठ आवळले. "ते गोड कशाने झालं होतं, थोरले?"

थोरलीने सांगितलं. या वेळी हळू सांगितलं, कारण आई विचारत होती. मुळांपर्यंत जायचा घास वरच अडवला म्हणून गोड. पुढेही सांगितलं. पानांच्या पाठीला बारीक तोंडं असतात, त्यांतून पान हवा आत घेतं आणि वाफ बाहेर सोडतं. वाफ सुटते म्हणून खालून पाणी ओढलं जातं. मुळं उपाशी पडली की पाणी कमी चढतं. पाणी कमी आलं की पान आपली तोंडं मिटून घेतं, जीव वाचवायला. तोंड मिटलं की हवा आत नाही. हवा नाही तर साखर नाही. गेल्या शरदात या झाडाची पानं सगळ्यांच्या आधी गळली होती, ते यामुळे. आपण म्हटलं ऊन जास्त होतं.

"म्हणजे त्याच्या तोंडचा घास मी खाल्ला," आई म्हणाली. "आणि वर कौतुक केलं."

"तुला कुठं माहीत होतं, आई."

"याला माहीत होतं."

"मलाही नव्हतं!" बारक्या ओरडला. "खरंच नव्हतं. मला वाटलं..."

"तर मग लपवलंस कशाला?"

बारक्या पडलेली खुर्ची उचलू लागला. आईने काठी घेतली. "मी तुझ्यावर कधी हात उचलला नाही," ती त्याला म्हणाली. "सगळे म्हणायचे, लाडावून ठेवलाय. आज हात शिवशिवतोय. म्हणून त्याला दुसरं काम देते."

आणि ती दाराबाहेर गेली. पायऱ्यांपाशी क्षणभर थांबली, कठडा धरला आणि एकेक पायरी उतरली. भावजय धावली, तिला आईने नुसत्या नजरेने मागे सारलं. झाडाखाली पोचल्यावर तिने सगळ्यांत खालची फांदी वाकवली, तोंडाने देवाचं नाव घेतलं आणि कळ्यांचा पहिला झुबका खुडला. दुसरा खुडला. नाव थांबलं नाही, हातही थांबला नाही.

"शिडी आण," ती मागे न बघता म्हणाली.

बारक्याने शिडी आणली.

त्या दिवशी बागेत कुणी कुणाशी चांगलं बोललं नाही. बारक्या वर चढून कळ्या खुडत होता आणि प्रत्येक झुबक्याला एक उसासा टाकत होता, तो थोरलीला खाली ऐकू जात होता. "मोठ्याने रड," ती म्हणाली, "पण हात चालव." भावजय मेण पातळ करून आणायची, ते थंड व्हायच्या आत थोरली लावायची.

आधी तिने जखमेच्या कडा सुरीने साफ केल्या, खाली आणि वर, ओली हिरवी साल दिसेपर्यंत. खाली ती फार वेळाने दिसली. एका बाजूला तर दिसलीच नाही. तिथे तिने सुरी ठेवून डोळे पुसले आणि पुढे सरकली. मग खालच्या सालीला उभी चीर. काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत आत, साल आणि लाकडाच्या मध्ये, ओल्याला ओलं भिडेल असं. मग काडीला थोडा बाक देऊन दुसरं टोक वरच्या सालीत. बाक हवाच, नाहीतर वाऱ्याने खोड हललं की काडी उपटते.

"ही धर," तिने खाली उतरलेल्या बारक्याला सांगितलं. "डोळे वर बघताहेत ना?"

"कुणाचे, माझे?"

"काडीचे! उलटी बसवलीस तर जगायची नाही."

त्याने काडी निरखली, फिरवली, परत फिरवली. बारीक खिळा ठोकताना त्याच्या अंगठ्यावर हातोडी बसली आणि तो हूं की चूं न करता तसाच धरून राहिला. थोरलीने ते बघितलं. तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

रविवारी मंडळी आली. अध्यक्ष उंच, गळ्यात दुर्बीण. बहर बघायला दुर्बीण कशाला ते त्यांनाच ठाऊक. झाडाखाली आल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या. वर एक फूल नाही. खाली वाळलेल्या कळ्यांचा थर. आणि खोडाभोवती मेणाने माखलेल्या, बाक दिलेल्या काड्या, जणू मोडक्या हाडाला बांधलेल्या पट्ट्या.

"हे काय हो?" अध्यक्षांनी विचारलं.

बारक्याने घसा साफ केला. "ससे," तो म्हणाला. "यंदा सशांनी फार उच्छाद मांडला. साल खाल्ली सगळी."

मंडळी हळहळली. कुणी म्हणालं, कुत्रा पाळा. कुणी म्हणालं, जाळी लावा. थोरली हातात मेणाचं भांडं घेऊन उभी होती. ते तिने इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. ती पुढे सरकली, तेवढ्यात आईने तिचं मनगट धरलं. थोरलीने वळून आईकडे बघितलं, आणि त्या नजरेत तिने सगळी वर्षं घातली. घरातलं घरात, नाही का? पण आई तिच्याकडे बघत नव्हती. आई बारक्याकडे बघत होती. तिने मनगट धरलं होतं ते थोरलीला गप्प करायला नव्हे, जागा मोकळी ठेवायला.

मागून एक बुटका बागायतदार पुढे आला. "ससे ते असोत," तो म्हणाला, "पण तुम्ही प्रदर्शनात माझ्या कानात सांगितलं होतं ना, खोडाला कडं काढायचं म्हणून? यंदा मी माझ्या सगळ्या झाडांना काढणार आहे. फुलं गळली की सुरुवात. म्हटलं, किती रुंद काढायचं ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं."

थोरलीने बारक्याकडे बघितलं. म्हणजे याने सांगितलंही होतं. मिरवायला.

बारक्या त्या माणसाकडे बघत राहिला. त्याच्या बागेत किती झाडं असतील, ती कुणी लावली असतील, हे बारक्याच्या मनात आलं की नाही कुणास ठाऊक. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "नका काढू."

"का? एवढं फळ आलं तुमचं!"

"ससे नाहीत," बारक्या म्हणाला. मान खाली, पण शब्द स्पष्ट. "हे मी केलंय. कडं. गेल्या वर्षी. झाड मरायला टेकलंय त्याने. हे सगळं बहिणीने बांधलंय, जगेल की नाही माहीत नाही. तुम्ही नका काढू. हात जोडतो."

आणि त्याने खरोखर हात जोडले. अध्यक्ष दुर्बिणीच्या पट्ट्याशी चाळा करू लागले. बुटका माणूस खोडापाशी वाकला आणि सुजलेल्या सालीवर बोट फिरवून ताडकन उभा राहिला. "मग कळलं त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "मी कालच सुरीला धार लावून घेतली!" तो इतका चिडला होता की चहा न घेताच निघून गेला. बाकीचे थांबले, कारण खुर्च्या मांडलेल्या होत्या.

पुढचे आठवडे झाड तसंच उभं राहिलं. पानं आली, पण लहान. थोरली रोज जाऊन मेणाला तडा गेलाय का बघायची. बारक्या पाणी घालायचा, बुंध्याजवळ कुणी चालून माती दाबू नये म्हणून दोरी बांधून घेतली होती त्याने. दोघं जेवताना बोलायची ती मीठ मागण्यापुरती. दोन काड्या काळ्या पडल्या. त्या तिने काढून टाकल्या आणि त्या दिवशी बारक्यावर पुन्हा तशीच ओरडली, जणू पोतं आत्ताच सोडलंय. त्याने ऐकून घेतलं.

मग एका सकाळी तोच ओरडत आला. "ताई! ताई, फुटली! पुलावरची काडी फुटली!"

ती धावत गेली. एका काडीच्या मधल्या डोळ्यातून दोन पानं बाहेर आली होती, उंदराच्या कानाएवढी. तिने काडी वरच्या सांध्यापाशी हळूच दाबली, मग खालच्या. दोन्हीकडे घट्ट. आपल्या साठवणीवर फुटली असती तर सांधे सुटे असते. हे सुटे नव्हते.

बारक्या हसत होता, डोळ्यांत पाणी. "जगलं ना? जगलं ना?"

"ही बाजू लागली," ती म्हणाली. "पानं खुड."

"काय?"

"ती काडी आता फांदी व्हायची नाही. तिने नुसती वाट व्हायचं. तिच्यावर पानं ठेवली तर ती स्वतःच वाढत बसेल. खुड."

त्याने हात पुढे नेला आणि मागे घेतला. महिनाभर तो याच हिरव्या ठिपक्याची वाट बघत होता. "राहू दे ना एक दिवस."

"बारक्या."

त्याने दोन बोटांत पानं धरली आणि खुडली. हातावर ठेवून बघत राहिला.

"अजून रागावलीयस?" त्याने विचारलं.

"हो," थोरली म्हणाली, आणि खोडाच्या दुसऱ्या अंगाला वळून गुडघ्यांवर बसली. "इकडे ये. इथलीही लागलीय का बघू."